दोन गाण्यांच्या मधलं बोलणं

मामाजी,

कौसल्यामामीनं हात दिला, म्हणून आज तुम्हाला लिहायला माझ्याजवळ काही आहे. पहिले तिचं नाव घेते, बाकीचं मागून. जन्मभर तुमच्या सीड्यांना "बुढ्याच्या ताटल्या" म्हणणारी तुमची बायको, माझी मामी. तिनं काय केलं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. पण मी आधी घोर करते आणि मग गोष्टीवर येते, हे तुम्हाला माहीत आहेच. तर ऐकून घ्या.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तुमची तेरवी करून मी तिरुपूरला, कपड्यांच्या कंपनीतल्या कामावर परतले. गाडीत सगळ्या वाटेनं मला एकच काळजी खात होती, की तुमचा आवाज आता कुठे सापडेल? फोटो आहेत. पण फोटोतले तुम्ही ताठ, गप्प, बटन वरपर्यंत लावलेले. तसे तुम्ही कधीच नव्हता. दर रविवारी आपण फोनवर भांडलो, त्यातलं काही ठेवलं गेलं नाही. फोनवरचं भांडण कोण जपून ठेवतं? मग बल्लारशाच्या पुढे कुठेतरी आठवलं, एका जागी तुम्ही आहात. दरेकशाकडच्या आमच्या गावच्या मंडईत.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी, पाहुणे येतात, जिलबीची दुकानं लागतात आणि दुपारी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ उभा राहतो. फुलचूरहून भोंगे आणि मिक्सर घेऊन तुम्ही यायचे. साऊंड तुमचा आणि माईकवरही तुम्हीच. एक गाणं संपलं की दुसरं सुरू होईपर्यंत तुमचं चालू. दंडारीची माणसं चिडायची, लोक मात्र तुमच्यासाठीच थांबायचे. "लाल लुगड्याच्या बाई, तुमचं पोट्टं इथं जिलबी खाऊन राहिलं, घेऊन जा. पैसे दुकानदार मागून राहिला, ते मी नाही देत." "दरेकशाले गाडीनं जानाऱ्या पाहुन्यांनो, गाडीची वेळ झाली. पन गाडीले हे माहीत नाही, तवा बसून राहा."

एका वर्षी मिक्सरजवळच्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर तुम्ही मला बसवलं होतं. आठवीनंतर माझी शाळा सुटली, घरची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. आईनं मला तुमच्याकडे फुलचूरला आणून सोडलं आणि तुमच्या दुकानातच मी वायरी ओळखायला शिकले. मंडईला आपल्याच गावात तुमच्यासोबत आले, तर ओळखीच्या एक काकी सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "शाळा सोडली न् आता दंडारवाल्याईच्या मांगं फिरून राहिली का वं?" बाया हसल्या. मी मशीनकडे बघत राहिले. तुम्ही ऐकलं की नाही, मला कळलं नाही. गाणं संपलं. तुम्ही माईक तोंडाशी घेतला आणि म्हणालात, "आयका हो. आज मशीन आमची भाची ललिता चालवून राहिली. गानं चांगलं आलं त ते तिचं. खराब आलं त माह्यं."

एवढंच. मग पुढचं गाणं. काकी जिलबी घ्यायला उठून गेल्या.

मामाजी, त्याच्या आधी माझं नाव मोठ्यानं फक्त हजेरीत घेतलं गेलं होतं. परक्या गावात पहिल्यांदा कामाला गेले, तेव्हा गेटवर उभी राहून मी ते वाक्य मनात म्हटलं होतं. अजूनही म्हणते. सुपरवायझर माझ्या टेबलाकडे यायला लागला की म्हणते. तुमच्या जाण्यानंतर मला ते परत ऐकायचं होतं, तुमच्याच तोंडून. दुसरं काही नको होतं.

आता आपलं भांडण. ते अर्धवटच राहिलं, आणि अर्धवट राहिलं म्हणून मला त्याचा जास्त लळा आहे.

सुरुवात तुम्हीच केली होती. एमपीथ्री आणि सीडीत फरक काय, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही मला शेजारच्या राईस मिलच्या फाटकाशी नेलं. "एमपीथ्री म्हनजे पॉलिश मारलेला तांदूळ. दिसाले चकचकीत, जागा कमी, पन जे निघून गेलं ते गेलं. कोंडा परत नाही लागत." आणि काही न गमावता लहान केलेली फाईल? "ते पोत्यात दाबून भरलेलं धान. पोतं सोडलं का दाना न् दाना तसाच." आठवी शिकलेल्या मला ते एकदम कळलं. इथल्या खोलीवरच्या एका डिप्लोमावाल्या मुलीला मी हेच सांगितलं, तिलाही कळलं. आम्ही दोघी भात खाताना अजून त्यावर हसतो.

पुढे मी कमवायला लागले आणि अशी पोत्यातली, पॉलिश न मारलेली गाणी नेटवरून विकत घ्यायला लागले. तुम्हाला ते सहन होईना.

"कायले घेतं इकत? तेच गानं सीडीवर आहे आपल्याजवळ. काढून घे."

"मामाजी, सीडीवर चरे आहेत. कॉम्प्युटर एकेका गाण्याले घासत बसते. इकडे बटन दाबलं का आलं."

"न् उद्या त्याईचं दुकान बंद पडलं त?"

"पडू द्या. मी उतरवून घेतलं, माह्याजवळ आहे."

"पन त्याईनं तुले का देलं, ते कोन पाह्यलं? सीडी मी पाह्यली. हातात घेतली, धुतली, मधातून बाहेर पुसली, कॉम्प्युटरवर दोनदा वाचली. दोन्ही खेपा सारखं आलं, तवाच खरं मानलं."

"तुम्ही त लगनाच्या वेळी मामीलेही दोनदा पाह्यलं असन."

"एकदाच पाह्यलं. तिथंच चुकलं."

मागून मामीचा आवाज यायचा, "आयकून राहिली मी!" आणि तुम्ही फोन ठेवून द्यायचे.

तुमचं सगळंच खरं होतं असं मी म्हणणार नाही. आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही म्हणून तर नाहीच म्हणणार. मी विकत घेतलेल्या फायली स्वच्छ आहेत. तुमच्या कितीतरी सीड्या पावसाळ्याच्या दमटीनं खराब झाल्या, तुमची ती मोठी हार्ड डिस्क एका झटक्यात गेली, त्यात मंडईची मूळ रेकॉर्डिंगही गेली, राहिल्या फक्त तिच्या भरून वाटलेल्या सीड्या. दुकानातलं गिऱ्हाईक कमी होत गेलं तसे तुम्ही रिकाम्या वेळात लोकांच्या सीड्या उतरवून द्यायला लागले. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या भजनमंडळाची, कोणाच्या आवडीची फिल्मी. एकेक धुवायची, दोनदा वाचायची, नाव घालायचं. मी म्हणायचे, "मामाजी, आपल्या मंडईची पहिले करा ना." आणि तुम्ही म्हणायचे, "पंगतीत घरचे मांगून बसतात, बाई. पाहुने पहिले."

ही तुमची रीतच होती. लोकांच्या सीडीवर तुम्ही मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहायचे, स्वतःच्या सीडीवर काहीच नाही. "आपली आपल्याले माहीत रायते." ती तुम्हाला माहीत होती. पण तुम्ही गेल्यावर ती कोणालाच माहीत राहिली नाही.

लोकांच्या सगळ्या सीड्या झाल्या आणि तुम्ही आजारी पडले. घरच्यांची पंगत बसलीच नाही.

तिरुपूरला परतल्यावर मला वाटलं, घोर कशाचा? ती मंडईची दंडार नेटवर विकायला आहे. दंडार मंडळाच्या शाहिरांनी तुम्ही भरून दिलेली आपली सीडी एका कंपनीला दिली होती, कंपनीनं ती साफ करून चांगल्यातल्या चांगल्या दर्जात ठेवली होती. ते झालं तेव्हा तुम्हीच मला फोन केला होता. "आपली मंडई जगात गेली, ललिता!" एवढा अभिमान तुमच्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकला होता. तुमच्याजवळची तर येणारच म्हणून मी ती तेव्हा घेतली नव्हती.

आता घेतली. सुटीच्या दिवशी दुपारी, खोलीत कोणी नसताना, चांगले वायरवाले हेडफोन लावले आणि डोळे मिटले.

आवाज काय सुरेख होता, मामाजी! ढोलकीचं बोट न् बोट वेगळं. घुंगराचा दाणा वेगळा. तुमच्या माईकांनी उचललेला आवाज तो, मला इतकं बरं वाटलं. पहिलं गाणं संपलं. मी श्वास धरून बसले. आणि लगेच दुसरं गाणं सुरू झालं.

तिसरं. चौथं. मधे काहीच नाही. ना लाल लुगड्याची बाई, ना दरेकशाची गाडी. कंपनीनं गाणी ठेवली आणि गाण्यांच्या मधलं सगळं कापून टाकलं होतं. त्यांची काही चूक नाही. पुण्याच्या माणसाला कोणाचं पोट्टं जिलबी खाते त्याच्याशी काय घेणं? पण मी ते पुन्हा पुन्हा पुढे-मागे करून बघितलं. टेबलावर कापड बघते तसं बघितलं. शिवण कुठे दिसत नव्हती. तुम्ही तिथे कधी नव्हताच, इतकं साफ काम.

लगेच शाहिरांना फोन लावला. कंपनीनं नेलेली सीडी त्यांच्याकडे परत आली नव्हती. आमच्या गावात आईला विचारायला लावलं. ज्यांनी घेतल्या होत्या त्यांचे प्लेअर केव्हाच भंगारात गेले, सीड्याही गेल्या. राहिली फक्त तुमची. मग मामीला फोन.

"मामी, मामाजीच्या स्वतःच्या सीड्या कुठं आहेत? नाव नसलेल्या?"

"कोऱ्या त्या? त्या डब्यातल्या?"

"हो हो, त्याच!"

मामी म्हणाली, "काऊन वं?"

"सांगा ना मामी, कुठं आहेत?"

"वाडीत आहेत."

"वाडीत कायले?"

"पोपट येऊन राहिले पेरूवर. तेरवी झाल्यावर डबा साफ केला, कोऱ्या दिसल्या, सुतळी ओवली न् टांगल्या. चमकते ना ते, पोपट येत नाही मंग. शेजारीन म्हने, 'मलेही दे एखादी, मळ्यात टांगाले.' तिलेही देली."

मला रडू आलं की हसू, मलाच कळलं नाही. तुम्ही पाहुण्यांना आधी जेवू घातलं आणि तुमची पंगत पोपटांसमोर मांडली गेली. मामी बिचारी घाबरली. "का झालं बाई? त्यात काही होतं का?"

मी तिला सांगितलं काय होतं. मग ती म्हणाली, "थांब."

आणि इथून पुढे तुमची बायको बघायला पाहिजे होती, मामाजी. शेजारणीच्या मळ्यातून ती सीडी परत मागून आणली. पेरूवर शिडी लावून बाकीच्या काढल्या. व्हिडिओ कॉल लावून एकेक मला दाखवली, उन्हात धरून, जसे आपण तांदूळ निवडतो तशी. काहींची मागची चांदी पापुद्र्यासारखी निघाली होती. मी सांगितलं, साबणाचं पाणी, मऊ कापड, मधातून बाहेर. ती म्हणाली, "माहीत आहे. पाह्यलं ना मी इतके साल. गोल गोल नाही पुसायचं, चरे पडतात." तिनं बघितलं होतं तर.

दुकानातला तुमचा जुना कॉम्प्युटर तिनं सुरू केला. मी इकडून सांगत होते, कोणतं बटन, कुठे दाबायचं. मला सारखी धडकी, लाईट जाते की फोन कटते. तीच मला म्हणाली, "तू घोर नोको करू, नाही त मी घाबरते." पहिली सीडी कोणाच्या तरी बारशाची. दुसरी उघडलीच नाही. तिसरीवर ढोलकी वाजली आणि मामी ओरडली, "हे! हे मंडई होय!"

ती सीडी हळूहळू वाचत होती. पण वाचत होती, मामाजी! आठवतं, गिऱ्हाईक घाई करायचे आणि तुम्ही सीडी सगळ्यात कमी वेगावर भरायचे? "घाईनं भरलेलं टिकत नाही. चाय पी तोवर." लोक वैतागून दुसऱ्या दुकानात जायचे. तुमच्या त्या हट्टामुळे ती उन्हात, वाऱ्यावर, पेरूच्या फांदीवर आपटून आपटूनही उभी राहिली. शेवटच्या गाण्याला फांदीचा चरा आडवा गेला होता, ते नाही आलं. बाकी सगळं आलं. मामीनं स्वतःहून म्हटलं, "आता दुसऱ्यांदा वाचू दे. सारखं आलं तवाच खरं." दोन्ही खेपा सारखं आलं.

मग आम्ही दोघींनी ऐकलं, ती फुलचूरला, मी तिरुपुरात, फोन मधे. कंपनीच्या फाईलपेक्षा आवाज जाडाभरडा. ढोलकी भोंग्यासारखी. पहिलं गाणं संपलं आणि तुम्ही आलात. खाकरून. लाल लुगडं, जिलबी, दरेकशाची गाडी. मामी हसत होती, पदरानं नाक पुसत होती. आणि मग तुम्ही म्हणालात, "आज मशीन आमची भाची ललिता चालवून राहिली."

मी पूर्ण ऐकलं. मागे त्या बायांचं हसणं होतं आणि तुमच्या वाक्यानंतर ते थांबलेलंही होतं. ते मला आठवतच नव्हतं. तुम्ही ऐकलं होतं काकींचं. आता मला पक्कं माहीत आहे.

मामी म्हणाली, "त्यानं ते कंपनीवालं ऐकलं होतं, बाई. कानाचा हेडफोन काढला न् म्हने, गाने मस्त केले त्याईनं. बस. मंग जेवलाच नाही त्या दिवशी." तुम्ही मला का नाही सांगितलं? त्यानंतर किती रविवार झाले. सीडीच काढून घे, सीडीच काढून घे, म्हणून माझ्याशी भांडत राहिलात, आणि त्यात तुम्ही होतात हे एकदाही म्हणाला नाहीत. मी समजून घ्यायला हवं, असं तुम्हाला वाटत होतं का? की स्वतःचा आवाज ठेवा म्हणणं तुम्हाला जमत नव्हतं? हे मला कोणी सांगू शकणार नाही.

ती फाईल आता माझ्याजवळ आहे, मामीजवळ आहे, आईजवळ आहे, शाहिरांजवळही पाठवली. गावात लोक ऐकून राहिले. "लाल लुगड्याची ते माही सासू होय," असा एकीचा निरोप आला. गाणी मी पुढेही विकत घेईन, हे आत्ताच सांगून ठेवते. तिथे मी हरलेली नाही. पण जिथे आपलं माणूस बोललं आहे, तिथली सीडी आपणच काढायची, हे मान्य. माझ्या टेबलावरच्या पोरींना मी ते ऐकवलं, भाषा कळत नसूनही त्या हसल्या. मी त्यांना सांगितलं, हे माझे मामा. मान ताठ करून सांगितलं.

एक मात्र राहिलं. सगळं ऐकून झाल्यावर मामी म्हणाली, "साऱ्या गावाचं नाव घेतलं बुढ्यानं. कोनाचं पोट्टं, कोनाचा बैल. माह्यं एकदाही नाही घेतलं." मी म्हटलं, "मामी, तुम्ही त त्याईचं नाव घेता का?" ती म्हणाली, "मी कशी घेईन? पन त्याच्या हातात माईक होता ना." आणि हसत सुटली. त्या हसण्यात काहीतरी होतं, मामाजी. रागावू नका, मी तुमच्या बाजूनं बोलले नाही.

तुम्हाला माहीत असेल, रोवणीला, धान लावायला, बांधीतल्या चिखलात उतरल्यावर मामीच पहिले गाणं उचलते आणि बाकीच्या बाया मागून धरतात. तुम्ही साऱ्या जिल्ह्याचा आवाज भरून ठेवला, तिचा नाही. ती म्हणते, चिखलातलं गानं कोन ऐकते.

मामीचं हे ऋण मी ठेवणार नाही. कंपनीत सुटी मागायची मला भीती वाटते, तरी येत्या रोवणीला मी येईन. शेताच्या धुऱ्यावर मशीन ठेवीन, माईक हातात घेईन आणि चिखलात धानाचे पऱ्हे टोचणाऱ्या साऱ्या बायांना ऐकू जाईल असं सांगीन, की आज गाणं कौसल्याबाई म्हणून राहिल्या आहेत. त्यानंतरचं एक अक्षर कोणाला कापू देणार नाही.

तुमची भाची,
ललिता